संघपालभाऊचा चाकू आणि भंतेंचं डोकं

शुद्धलेखनाच्या चुका असतील तर आधीच माफी मागतो. आठवीनंतर मी शाळेत गेलो नाही. मोठे शब्द मला येत नाहीत. पण अनुसया माय म्हणाल्या, “तू तिथंच होतास ना? मग तूच लिही, विहाराच्या अंकात छापू.” म्हणून जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

“मग यातला तुझा आवडता कोणता?” भंतेंनी विचारलं.

“हा.”

संघपालभाऊनं मधला चाकू उचलला.

दगडी ओट्यावर त्यानं पंचा अंथरला होता आणि त्यावर आपले तीन चाकू मांडले होते. वर बेहड्याची सावली. आम्ही सगळे भोवती उभे होतो.

संघपालभाऊ माझा मामेभाऊ. तो शहरातल्या लोकांना जंगलात मुक्कामाला नेतो. माणसं तो सांभाळतो, तंबू मी लावतो. पण त्या दिवशी आम्ही कामासाठी आलो नव्हतो. सावरटोल्याच्या टेकडीवरच्या विहारात आलो होतो. दुसऱ्या दिवशी वैशाखी पौर्णिमा होती. आम्ही दोघं आणि आणखी काही जण थोड्या दिवसांसाठी श्रामणेर होणार होतो. म्हणजे केस उतरवायचे, चीवर घालायचं, भंतेंजवळ राहायचं.

भाऊचं चीवर त्याच्या आईनं शिवलं होतं. माझ्या मामीनं. तिला आता नीट दिसत नाही, शिवण वाकडी गेली होती. पण दुसऱ्या कोणाला तिनं हात लावू दिला नाही. मामा गेले तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं, पोरानं एकदा तरी चीवर घालावं. पौर्णिमेला सकाळी पहिल्या गाडीनं ती चीवर घेऊन ते बघायला येणार होती. सगळ्या मोहल्ल्याला सांगून ठेवलं होतं.

“बाकीचे दोन महाग आहेत?” भंते विचारत होते.

“नाही भंते, तिन्ही स्वस्तच. आणि त्यातला हा सगळ्यात स्वस्त.”

“आणि तोच आवडता?”

“हाव.”

भंतेंनी हात पुढे केला. भाऊनं चाकू ओट्यावर ठेवला, भंतेंनी तो उचलला. चाकू कोणाच्या हातात देऊ नये, भांडण होतं, असं आमच्याकडे मानतात.

भंतेंचं वय सत्तरीच्या पुढचं. बोटं लांब, थोडी वाकलेली. त्यांनी चाकू उलटासुलटा करून बघितला. तळहाताएवढं पातं. साधी लाकडी मूठ, हाताच्या घामानं काळी पडलेली.

“मिटत नाही हा?”

“नाही. घडीच नाही त्याले. घडीचा चाकू ऐन वेळी मिटतो आन् बोट घेऊन जातो.” भाऊ रंगात आला. “हे पाहा. दोन्हीकडून एकच सपाट उतार, थेट धारेपर्यंत. दगडावर तो उतार टेकवला का झालं. तिरपा किती धरू, सरळ किती धरू, काही भानगड नाही. उत्तरेकडं स्वीडन-नॉर्वेकडं बर्फाच्या मुलखात लोकं असा चाकू कमरेला लावूनच फिरतात. सुतार, कोळी, शाळेतली पोरं, सगळे.”

“काय करतात त्यानं?”

“काय नाही करत! तंबूच्या खुंट्या, बांबू, दोर, चुलीसाठी ढलप्या… कांदा चिरा, पेरू कापा.”

“मंग आमच्या विळ्यानं काय घोडं मारलं?” अनुसया माय स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. विहाराचं रांधणं, झाडणं, भंतेंची औषधं, सगळं त्याच बघतात. “विळ्यानंही कांदा चिरल्या जाते, बाप्पा. पण कोणी त्याले पंचा नाही अंथरत.”

सगळे हसले. भाऊही हसला.

“माय, विळा कमरेला लावता येते का?”

“मले काय लढाईवर जायचं हाय?”

भंते हसले नाहीत. ते अजून चाकूकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना तो खरंच आवडला.

“स्वस्त आहे म्हणून आवडतो, असं म्हणालास.”

“हाव. महागाचा चाकू माणूस कपाटात ठेवते. हा वापरते. आपटला, घासला, चिखलात पडला, तरी जीव खालीवर होत नाही. चांगल्या चाकूची खूणच ती, भंते. हरवला तर हरवला.”

“हरवला तर काही वाटत नाही?”

“बिलकुल नाही.”

“मग पेटीत टाक.”

…

ओट्याच्या बाजूला पत्र्याची पेटी उघडी ठेवली होती. श्रामणेर व्हायच्या आधी अंगावरचं सगळं त्यात टाकायचं असतं. मोबाइल, घड्याळ, पाकीट, किल्ल्या. आमचं सगळ्यांचं टाकून झालं होतं. भाऊचा मोबाइलही त्यात होता.

त्यानं डावीकडचा चाकू उचलून पेटीत टाकला. उजवीकडचा टाकला.

मधला भंतेंच्या हातात होता. भंतेंनी तो पंच्यावर ठेवला.

भाऊ त्याच्याकडे बघत राहिला.

“भंते, एक विचारू?”

“विचार.”

“भिक्खूला ज्या वस्तू जवळ ठेवता येतात, त्यात चीवर हाय, भिक्षापात्र हाय, सुई हाय. पातंही हाय ना?”

“आहे.”

“मग माझं पातं हे. मी वस्तरा नाही घेत. हेच ठेवतो.”

कोणीतरी मागून “वा!” म्हणालं. कारंज्याहून आलेले एक मास्तर होते, ते. भाऊनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. त्याला असं कोणी वा म्हटलेलं फार आवडतं.

“पातं कशासाठी असतं भिक्खूजवळ?” भंतेंनी विचारलं.

“केस उतरवायला.”

“यानं उतरतील?”

“उतरतील म्हणजे?”

भाऊनं बाही वर केली. ना पाणी, ना साबण. पातं मनगटाजवळ टेकवलं आणि हलक्या हातानं वर ओढलं. मग फुंकर मारली. हातावरचे केस उडून गेले आणि मधे एक गुळगुळीत पट्टा राहिला.

मास्तर पुन्हा वा म्हणाले. मलाही म्हणावंसं वाटलं. लाजेनं म्हटलं नाही.

भंते उठले. खांद्यावरचं चीवर सारखं केलं. ओट्याच्या कडेला, सावलीत, आमच्याकडे पाठ करून बसले. लोट्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी डोक्यावर थापलं.

“कर,” ते म्हणाले.

…

कोणालाच काही कळलं नाही. मला तर वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

आमच्या विहारात न्हावी येत नाही. एकमेकांचे केस एकमेकांनी उतरवायचे, असा रिवाज आहे. आधी भंतेंचे, मग बाकीच्यांचे. भंतेंचं पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या डोक्याला पाणी लागत नाही. ते आम्हाला माहीत होतं. त्यासाठी वस्तरा, साबण, वाटी, सगळं मायनी आधीच काढून ठेवलं होतं.

पण चाकूनं?

“भंते!” माय दारातून धावतच आल्या. हात पिठाचे. “काय करता? दवाखान्यातून येऊन महिना नाही झाला! तुमाले रक्त पातळ व्हायची गोळी चालू हाय. डॉक्टर काय म्हणाला? खरचटलं तरी जपा म्हणाला. त्या दिवशी नखाएवढं लागलं, तर सकाळभर थांबलं नाही रक्त!”

“माहीत आहे, माय.”

“माहीत हाय तर मंग उठा.”

भंते उठले नाहीत.

दवाखान्यात असल्यामुळे त्यांचे केस एरवीपेक्षा वाढले होते. पांढरे, दाट. पाण्यानं ते डोक्याला चिकटले होते. कानामागं कातडीखाली एक निळी शीर दिसत होती. पातळ कातडी होती. म्हाताऱ्या माणसाची असते तशी.

मी भाऊकडे बघितलं. वाटलं, आता तो हसून म्हणेल, चुकलो भंते, घ्या, टाकला पेटीत.

भाऊ म्हणाला, “माय, तुम्ही घाबरू नका. या हातानं मी रोज काम करतो.”

आणि त्यानं साबण घेतला.

मी आजवर पुष्कळ गोष्टींना घाबरलो आहे. एकदा तंबूबाहेर अस्वल आलं होतं. पण त्या दुपारी भाऊनं भंतेंच्या कपाळाच्या वर पातं टेकवलं, तेव्हाइतका कधीच नाही.

पहिला हात ओढला.

केसांचा एक पुंजका पात्यावर आला. खाली गोरी कातडी. ना ओरखडा, ना काही.

दुसरा हात. तिसरा.

मायनी तोंडावरचा पदर काढला. खरं सांगायचं तर भाऊचा हात फार चांगला चालत होता. हलका, सरळ, कुठे अडखळणं नाही. भंते डोळे मिटून बसले होते. जसं रोजच कोणी त्यांचे केस असे उतरवतं.

थोड्या वेळात कपाळापासून शेंडीच्या जागेपर्यंत उजवी बाजू साफ झाली.

“बघा,” भाऊ म्हणाला. आता तो आम्हाला सांगत होता. “दाब द्यायचाच नाही. पातं लोळवायचं. वस्तऱ्यानं काय होते, कातडी ओढल्या जाते. याचा उतार असा सपाट…”

“भाऊ,” मास्तर म्हणाले, “असा एक मला मिळंल का?”

“काहून नाही? मी मागवून देतो. दोन घ्या, एक पोराले…”

तो मास्तरांकडे बघून बोलत होता.

हात चालूच होता.

मला ते दिसलं. पातं कानाच्या मागं, त्या शिरेजवळ गेलं होतं. माझ्या तोंडात “भाऊ” हा शब्द आला.

तो बाहेर पडला नाही.

आधी रक्त आलंच नाही. नुसती एक बारीक पांढरी रेघ दिसली. मग ती रेघ लाल झाली. मग लाल धार कानाच्या पाळीवरून मानेवर आली, मानेवरून चीवरावर, आणि थांबेचना.

मास्तर म्हणाले, “अरे… अरे…”

भंते हलले नाहीत. डोळेही उघडले नाहीत.

भाऊच्या हातातून चाकू सुटला. ओट्यावर टणकन आपटला आणि खाली मातीत पडला.

“मेल्या, काय केलं रे हे!” माय किंचाळल्या. एकदम पदरच दाबून धरला त्यांनी भंतेंच्या कानामागं. पांढरा पदर बघता बघता लाल झाला. “सुगत! उभा काय राहिला, फडकं आण! स्वच्छ फडकं आण!”

मी धावलो. काय आणलं, कसं आणलं, आठवत नाही. परत आलो तेव्हा भाऊ होता तिथंच उभा होता. दोन्ही हात पुढे धरलेले. जणू अजून त्यात काही आहे.

“भंते… भंते, मी… मले…”

“उचल,” भंते म्हणाले.

“काय?”

“चाकू. अर्धं राहिलंय.”

…

मी खोटं लिहीत नाही. मानेवरून रक्त वाहत होतं आणि ते असंच म्हणाले. आवाजही चढा नव्हता. कोणी म्हणावं, अरे, ताटात भात राहिलाय, तसं.

भाऊ एक पाऊल मागं गेला. मग आणखी एक. मग वळला आणि विहाराच्या मागं जुनी लेणी आहे, तिच्या बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरून दिसेनासा झाला.

मास्तर पुढे आले. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. “भंते, मी करतो उरलेलं. वस्तऱ्यानं. फक्त एवढं थांबलं की…”

“नको.”

“पण असं अर्धं…”

“ज्यानं सुरू केलं तो संपवेल.”

“आन् त्यानं नाही संपवलं तर?” मायनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. रागाचं का भीतीचं, मला कळलं नाही.

“तर राहील.”

फडकं दाबून धरायचं काम माझ्याकडे आलं. मायना चूल बघायची होती. गावातल्या नर्सताई येऊन बघून गेल्या. जखम खोल नाही, पण गोळीमुळे थांबायला वेळ लागेल, दाब सोडू नको, म्हणाल्या. भंतेंना दवाखान्यात चला म्हणाल्या. भंते म्हणाले, “हा पोरगा धरून आहे ना.”

म्हणून मी धरून होतो. ऊन सावलीच्या आत आलं, ओट्यावर चढलं, तरी धरून होतो. भंतेंचं डोकं माझ्या तळहाताला गरम लागत होतं. अर्धं गुळगुळीत, अर्धं केसाळ. एवढ्या जवळून मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. एरवी मी वंदन करतो आणि मागं जाऊन बसतो.

पुष्कळ वेळानं मी विचारलं, “भंते, लागलं तेव्हा तुम्ही काही म्हणाला का नाही?”

“तुला काय दिसलं?”

“रक्त.”

“त्याच्या आधी?”

“भाऊ मास्तरांकडे बघत होता.”

“आणि पातं?”

“पातं… पातं चालू होतं.”

फडक्याखाली ठोका लागत होता, माझ्या बोटाचा का त्यांच्या शिरेचा, समजत नव्हतं.

मग ते म्हणाले, “चाकू चांगला आहे.”

आणि पुन्हा डोळे मिटले.

ऊन कललं तेव्हा रक्त थांबलं. नर्सताईंनी पट्टी बांधली. मला वाटलं होतं, आता तरी भंते आत जाऊन पडतील, पण ते संध्याकाळच्या वंदनेला येऊन बसले. तसेच. अर्धं डोकं चकचकीत, अर्ध्यावर पांढरे केस, कानावरून पट्टी.

गावातल्या बाया दिवे लावायला आल्या होत्या. दारातच थबकल्या. एकीच्या हातातलं तेल सांडलं. कोणी हसावं का रडावं, कोणाला कळेना. शेवटी एक लहानगी ओरडली, “भंते अर्धे टकले!” तिच्या आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

“खरं तर बोलली,” भंते म्हणाले. “मारू नका तिला.”

बाकीच्या सगळ्यांचीही डोकी तशीच होती. भंतेंचं पूर्ण झाल्याशिवाय आमचं होणार नव्हतं, आणि केस उतरल्याशिवाय चीवर मिळणार नव्हतं. कारंज्याचे मास्तर आता भाऊला शिव्या देत होते. “दिखाऊ माणूस. सगळ्यांची पौर्णिमा बुडवली.” दुपारी तेच वा म्हणत होते.

अंधार पडता पडता भाऊ आला. जेवला नव्हता. माझ्या चटईवर येऊन बसला, भंतेंच्या खोलीकडे पाठ करून.

“थांबलं का?”

“थांबलं.”

“सुगत, मी उजाडता निघतो. पहिली गाडी यायच्या आत.”

“मामी त्याच गाडीनं येते.”

“म्हणूनच बे!” तो दबक्या आवाजात ओरडला. मग हळू झाला. “तू खाली थांबजो. तिले म्हणजो, भाऊले ताप आला, घरी गेला. मी लेणीकडच्या पायऱ्यांनी, पायवाटेनं उतरतो. तुले यायचं तर तूही चल.”

“भंते थांबलेत, भाऊ. तुमच्यासाठी.”

“मायं डोकं नको खाऊ.”

त्यानं दोन्ही तळवे पुढे धरले. पाण्याच्या भांड्यात बोट बुडवलं की पाणी थरथरतं ना, तसे ते थरथरत होते. भाऊचे हात असे मी कधी बघितले नव्हते. उभ्या कड्यावर दोर बांधतानाही नाही.

“हे पाहा,” तो म्हणाला. “दुपारपासून थांबूनच नाही राहिले. या हातानं आता मी पेरूही कापू शकत नाही. आन् तो म्हातारा म्हणते, अर्धं राहिलंय.”

मी माझी चादर त्याच्याकडे सरकवली.

बाहेर ओट्याखाली चाकू पडला होता तिथंच पडला होता. कोणी त्याला हात लावला नव्हता. माय झाडताना त्याच्या बाजूनं झाडून गेल्या होत्या.

सकाळी मी उठलो तेव्हा भंते ओट्यावर बसलेले होते.

तसेच, आमच्याकडे पाठ करून. डोक्यावरचे उरलेले केस ओले. त्यांनी स्वतःच पाणी लावलं होतं. बाजूला साबण, वाटी.

भाऊ पिशवी पाठीला लावून पायऱ्यांच्या तोंडाशी उभा होता. खाली उतरत नव्हता. वर येत नव्हता. पौर्णिमेचा पंचशील झेंडा वर चढवून माय दोरी बांधत होत्या. दोघांकडे बघायच्या आणि पुन्हा दोरीकडे. मास्तर आणि बाकीचे ओसरीत उभे होते. खाली दूर, सागांच्या मागं, गाडीचा हॉर्न वाजला.

भाऊनं एक पाय पायरीवर टाकला.

मी काही ठरवलं नव्हतं. मला अजूनही कळत नाही, मी ते कसं केलं.

मी ओट्याखालचा चाकू उचलला. रात्रभर वाळलेल्या रक्तानं पात्यावर गंजाचे बारीक ठिपके आले होते. चुलीवर पाणी उकळत होतं, त्यात पातं धरलं. लोट्याशेजारच्या दगडावर राख टाकून ते घासलं, पुन्हा गरम पाण्यात धुतलं, पुसलं. लोटाभर थंड पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतलं. ते मानेवरून पाठीत गेलं.

मग पायऱ्यांच्या तोंडाशी गेलो. चाकू भाऊच्या पायाजवळ पायरीवर ठेवला. आणि त्याच्या पुढ्यात, एक पायरी खाली, त्याच्याकडे पाठ करून बसलो.

“भाऊ,” मी म्हणालो, “आधी माझं करा.”

“येडा झाला काय बे?”

मी उठलो नाही.

“अरे, आधी भंतेंचं असते!” माय तिकडून ओरडल्या. “असं नाही करत! आजवर कधी…”

भंतेंनी मागं न बघता हात वर केला. माय गप्प झाल्या.

“सुगत, ऊठ,” भाऊ म्हणाला. “माये हात दिसले ना रात्री तुले. कान जाईल तुया.”

“जाऊ द्या.”

“ऊठ म्हणतो ना!”

त्याचा आवाज फाटला. मी समोर बघत राहिलो. सागांच्या मधून धूळ उठली होती. गाडी वळणावर आली होती. त्यात मामी होती, चीवराची पिशवी मांडीवर घेऊन.

मागं पुष्कळ वेळ काहीच हललं नाही.

मग पाठीवरची पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग चाकू दगडावरून उचलल्याचा.

पातं माझ्या कपाळाच्या वर टेकलं. गार होतं. आणि ते थरथरत होतं, इतकं की मला वाटलं, आवाज येतोय. पुढे सरकत नव्हतं. मी डोळे मिटले. मी घाबरलो होतो, ते लिहायला मला लाज वाटत नाही.

“भंते…” भाऊ माझ्या डोक्यावर रडत होता. त्याचे अश्रू माझ्या ओल्या केसांत पडत होते, ते गरम होते म्हणून कळलं. “भंते, हात थरथरून राहिला. थांबतच नाही.”

अनवाणी पावलं आली. भंते आमच्या शेजारी पायरीवर येऊन बसले. अर्धे केस उतरलेले, कानावर पट्टी.

“थरथरू दे,” ते म्हणाले. “काल थरथरत नव्हता.”